खाणपट्ट्यातले भारतीय डॉक्टर : ब्रिटिश वैद्यकीय नोंदणीचा एक इतिहास

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची एकच राष्ट्रीय नोंदवही १८५८च्या वैद्यकीय कायद्याने सुरू झाली. त्याआधी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील सुमारे वीस विद्यापीठे, कॉलेजे आणि व्यावसायिक मंडळे आपापल्या परीने परवाने देत. एकाचा परवाना दुसऱ्याच्या हद्दीत चालेलच असे नव्हते. नव्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले आणि मान्य पदवी असलेल्या प्रत्येकाचे नाव एका वहीत लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. नोंद नसलेल्याने रोगी तपासूच नये, असे कायदा म्हणत नव्हता. मात्र नोंदणीवाचून सरकारी नेमणूक मिळत नसे, कायद्याला लागणारे दाखले देता येत नसत आणि बुडालेल्या फीसाठी कोर्टात जाता येत नसे. त्यामुळे वहीतले नाव हाच डॉक्टर असल्याचा पुरावा ठरला.

ब्रिटनबाहेर शिकलेल्यांची नावे या वहीत कोणत्या अटींवर यावीत, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. त्यातला सर्वांत मोठा अध्याय भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांचा आहे. वेल्सच्या कोळसा खाणींच्या दऱ्या, लँकेशायर-यॉर्कशायरची गिरणी गावे, बर्मिंगहॅमजवळचा कारखान्यांचा पट्टा आणि लंडनचा ईस्ट एंड या भागांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगी तपासणारा फॅमिली डॉक्टर बहुधा मुंबई, मद्रास, कलकत्ता किंवा लाहोरकडे शिकलेला असे. तो तेथे कसा पोचला, हे समजून घ्यायचे तर नोंदणीचे नियम आणि डॉक्टरांची वानवा यांचा इतिहास एकत्र वाचावा लागतो.

साम्राज्याची पदवी

भारतात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण १८३५मध्ये कलकत्ता व मद्रास येथे आणि १८४५मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झाले. ग्रँटची पहिली तुकडी १८५१मध्ये बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. अभ्यासक्रम, पुस्तके, शिकवण्याची भाषा आणि परीक्षेची पद्धत हे सारे ब्रिटिश धाटणीचे होते. तरीही या पदवीधरांची नावे लंडनच्या वहीत आपोआप चढत नव्हती. १८८६च्या कायद्याने वसाहतींमधल्या आणि परदेशी पदव्यांसाठी वाट मोकळी केली आणि १८९२पासून भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना कौन्सिलची मान्यता मिळू लागली.

ही मान्यता सर्व भारतीय डॉक्टरांसाठी नव्हती. भारतात तेव्हा डॉक्टरांचे दोन थर होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले थोडे. आणि मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेले, ‘लायसेन्शिएट’ म्हणून ओळखले जाणारे, त्यांच्याहून बरेच अधिक. तालुक्याच्या दवाखान्यांचा भार या दुसऱ्या थरावर होता. मुंबई इलाख्यात १९१२च्या बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्टने दोन्ही थरांच्या नोंदणीची सोय केली. लंडनच्या वहीत मात्र फक्त पदवीधरांना जागा होती.

बाळंतपणाचा मुद्दा

मान्यतेवरून पहिला मोठा संघर्ष १९२०च्या दशकात झाला आणि त्याचे निमित्त होते प्रसूतिशास्त्राचे शिक्षण. पदवीपूर्वी विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने बाळंतपणे स्वतः हाताळलेली असावीत, असा कौन्सिलचा आग्रह होता. भारतात त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून होत. इस्पितळातले प्रसूतिकक्ष लहान असत आणि पुरुष विद्यार्थ्याकडून तपासून घेण्यास स्त्रिया नाखूश असत. त्यामुळे अट पुरी करणे अनेक कॉलेजांना जड गेले. कौन्सिलने निरीक्षक पाठवले, काही विद्यापीठांची मान्यता काढून घेतली आणि १९३०मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता सरसकट थांबवली.

भारतात याचा तीव्र निषेध झाला. आपल्या कॉलेजांची पारख लंडनने करावी, हेच अनेकांना अमान्य होते. अध्यापनातल्या उणिवा खऱ्या असल्या तरी त्या दूर करण्याची जबाबदारी आणि अधिकार देशातल्याच संस्थेकडे असावेत, अशी मागणी पुढे आली. तिचे फलित म्हणजे १९३३चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट. त्यानुसार स्थापन झालेली परिषद पदवी शिक्षणाचा दर्जा ठरवू लागली आणि १९३६मध्ये दोन्ही देशांच्या परिषदांमध्ये परस्पर मान्यतेचा व्यवहार पुन्हा सुरू झाला. या कायद्याने लायसेन्शिएटांना बाहेर ठेवले, याची सल त्यांच्या मनात राहिली. आरोग्य व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर असावा अशी शिफारस केली तेव्हा हा दुहेरी थर मोडीत निघण्यास सुरुवात झाली.

परस्पर मान्यतेची ही तडजोड पुढची जवळजवळ ४० वर्षे टिकली. मान्य कॉलेजाची एम.बी.बी.एस. पदवी असलेला डॉक्टर ब्रिटनमध्ये उतरल्यावर पूर्ण नोंदणी मागू शकत होता आणि पूर्ण नोंदणीवर स्वतःचा दवाखाना उघडता येत होता. पुढे जे घडले, ते या एका अधिकारावर उभे होते.

सेवेपूर्वीची पिढी

राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होण्याआधीही काही भारतीय डॉक्टर ब्रिटनच्या गरीब वस्त्यांत काम करत होते. त्या काळी डॉक्टर होणे म्हणजे प्रॅक्टिस विकत घेणे. निवृत्त होणारा किंवा गाव सोडणारा डॉक्टर आपला दवाखाना, आपले रोगी आणि आपला लौकिक नव्या डॉक्टरला विकत असे. सुखवस्तू उपनगरातली प्रॅक्टिस महाग, तर गोदी कामगारांच्या किंवा खाण कामगारांच्या वस्तीतली स्वस्त असे. १९११च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याची बायको आणि मुले त्या विम्याबाहेर राहिली. त्यामुळे अशा वस्त्यांत काम भरपूर आणि मिळकत बेताची, अशी स्थिती होती. भांडवल नसलेल्या परक्या डॉक्टरला परवडणारी जागा हीच होती.

पंजाबातून आलेले आणि लाहोरला शिकलेले डॉ. चुनीलाल कतियाल हे या पिढीतले सर्वांत ठळक नाव. लंडनच्या कॅनिंग टाऊन या गोदी कामगारांच्या भागात त्यांचा दवाखाना होता. १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेल्या महात्मा गांधींची आणि चार्ली चॅप्लिनची भेट त्यांच्याच घरी झाली. पुढे ते लंडनमधल्याच फिन्सबरीत गेले, नगरपालिकेवर निवडून आले आणि तिच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. वास्तुरचनाकार बर्थोल्ड लुबेटकिन यांनी आखलेले फिन्सबरी आरोग्य केंद्र १९३८मध्ये उघडले. विखुरलेल्या नगरपालिका सेवा एका छपराखाली आणून रहिवाशांना त्या मोफत देणारे हे केंद्र पुढच्या राष्ट्रीय सेवेचा एक नमुना मानले जाते. त्याच वर्षी कतियाल फिन्सबरीचे महापौर झाले. बेथनल ग्रीनमध्ये डॉ. बलदेव कौशल यांनी युद्धकाळातल्या बॉम्बवर्षावात जखमींची शुश्रूषा केली आणि त्याबद्दल त्यांचा गौरव झाला.

डॉक्टरांची वाटणी

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस किंवा एनएचएस, सुरू झाली. तिचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावचे. तेथील कामगारांनी वर्गणीतून चालवलेल्या वैद्यकीय मदत संस्थेचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. रोग्याला डॉक्टर मोफत मिळावा, एवढ्याने त्यांचे उद्दिष्ट पुरे होत नव्हते. डॉक्टर देशभर सारखे पसरलेले असावेत, हेही त्यात होते.

नव्या कायद्याने प्रॅक्टिसची खरेदी-विक्री बंद केली आणि त्याची भरपाई म्हणून डॉक्टरांसाठी ६ कोटी ६० लाख पौंडांची तरतूद केली. इंग्लंड आणि वेल्ससाठी मेडिकल प्रॅक्टिसेस कमिटी नेमली गेली. एका डॉक्टरमागे सरासरी किती रोगी नोंदलेले आहेत, यावरून ही समिती प्रत्येक भागाचा वर्ग ठरवी. सरासरी २५०० च्या वर गेली की तो भाग तुटवड्याचा. फारच खाली असेल तर तेथे नव्या डॉक्टरला मज्जाव. एकट्या डॉक्टरच्या यादीला आधी ४००० आणि १९५२पासून ३५०० रोग्यांची कमाल मर्यादा होती.

या समितीच्या हाती एकच अधिकार होता, तो म्हणजे नकाराचा. भरलेल्या भागात ती ‘नाही’ म्हणू शकत होती. रिकाम्या भागात कोणाला पाठवणे तिच्या हाती नव्हते. पहिल्या दशकात डॉक्टरांची एकूण संख्या वाढती होती, तोवर या नकाराचा उपयोग झाला. तुटवड्याच्या भागात राहणाऱ्या लोकांचे प्रमाण घटले. पुढच्या दशकात डॉक्टरच कमी पडू लागले आणि ते प्रमाण पुन्हा वाढले.

तुटवडा कसा आला

१९५७मध्ये विलिंक समितीने असा अंदाज केला की ब्रिटनमध्ये लवकरच गरजेपेक्षा जास्त डॉक्टर होतील. म्हणून वैद्यकीय कॉलेजांतले प्रवेश सुमारे एक दशांशाने कमी करावेत, अशी तिची शिफारस होती. हा अंदाज चुकला. लोकसंख्या अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, इस्पितळांचे काम वाढले आणि ब्रिटिश डॉक्टर मोठ्या संख्येने कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेला जाऊ लागले. १९६०च्या सुमारास एनएचएसच्या कनिष्ठ जागांवरील डॉक्टरांपैकी सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भारतीय उपखंडातून आलेल्यांचा होता. १९६१मध्ये लॉर्ड्स सभागृहात लॉर्ड कोहेन यांनी भारत आणि पाकिस्तानातून आलेल्या या कनिष्ठ डॉक्टरांशिवाय आरोग्य सेवा कोलमडली असती, अशी स्पष्ट कबुली दिली. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

१९६२च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने राष्ट्रकुल देशांतून येणाऱ्यांवर पहिले निर्बंध आणले. त्यातही पात्रताधारकांसाठी वेगळे परवाने होते आणि डॉक्टर त्यांत बसत. म्हणजे देशाचे दार आवळले जात असताना डॉक्टरांसाठी ते मोकळे राहिले.

येणारे बहुतेक तरुण कायमचे राहण्यासाठी आलेले नव्हते. ग्रँट, मुंबईचे जी. एस., पुण्याचे बी. जे. किंवा नागपूरचे मेडिकल कॉलेज येथून पदवी घ्यायची, विलायतेत तीन-चार वर्षे काढायची, एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. ही पदव्युत्तर परीक्षा पुरी करायची आणि परतायचे, असा बेत असे. दादरला किंवा सदाशिव पेठेत दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे ‘एफ.आर.सी.एस. (इंग्लंड)’ ही अक्षरे असली की रोग्यांचा भरवसा वाढत असे. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे १९६०च्या दशकात अनेक जण खिशात अवघे तीन पौंड घेऊन निघाले. आधी बॅलार्ड पिअरहून बोटीने आणि नंतर विमानाने हा प्रवास होई. लंडनमध्ये १९३२पासून असलेले महाराष्ट्र मंडळ हे त्यांतल्या मराठी मंडळींना गाठीभेटीचे ठिकाण होते.

दोन प्रकारची नोंदणी

ब्रिटनमध्ये पोचल्यावर डॉक्टरपुढे नोंदणीचे दोन मार्ग असत. ज्याची पदवी मान्य यादीत होती, त्याला इस्पितळातली अनुभवाची अट पुरी केल्यावर पूर्ण नोंदणी मिळे. ज्याचे कॉलेज नवे किंवा यादीबाहेरचे होते, त्याला तात्पुरती नोंदणी. तात्पुरती नोंदणी माणसापेक्षा नोकरीला चिकटलेली असे. अमुक इस्पितळ, अमुक जागा, अमुक मुदत. मुदत संपली की नवी नोकरी आणि पुन्हा अर्ज. कनिष्ठ जागा बहुधा सहा महिन्यांच्या असत. त्यामुळे एका वर्षात दोन शहरे आणि दोन अर्ज हा अनेकांचा क्रम होता. अशा डॉक्टरला स्वतंत्र दवाखाना उघडता येत नसे. १९६६पासून नव्याने येणाऱ्यांना काही आठवडे एखाद्या इस्पितळाशी जोडून घेऊन त्यांची भाषा आणि काम पाहण्याची योजनाही सुरू झाली.

इस्पितळांत मात्र वरची वाट अरुंद होती. कन्सल्टंटच्या, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञांच्या, जागा थोड्या, आणि शल्यक्रिया किंवा हृदयरोग यांसारख्या मानाच्या शाखांत त्या मोठ्या शिक्षण-इस्पितळांत तयार झालेल्या ब्रिटिश उमेदवारांकडे जात. परदेशात शिकलेल्यांना जागा मिळत त्या वृद्धांचे आजार, मनोविकार आणि मतिमंदांची इस्पितळे अशा, स्थानिक डॉक्टर टाळत असलेल्या शाखांत. वृद्धांच्या वैद्यकाची शाखा ब्रिटनमध्ये नावारूपाला आली, त्यात दक्षिण आशियाई डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. या भेदभावाचा पुरावा पुढे आकड्यांनीही मिळाला. १९९३मध्ये अनीस इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या डॉक्टरांनी समान पात्रतेचे, पण काही इंग्रजी आणि काही आशियाई नावांचे अर्ज जागांसाठी पाठवले. इंग्रजी नावाच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दुपटीने अधिक निघाली.

शल्यचिकित्सक होण्यासाठी आलेला माणूस रजिस्ट्रारच्या जागेवर वर्षानुवर्षे अडकून राही. दरम्यान लग्न झालेले असे, मुले शाळेत जाऊ लागलेली असत. अशा वेळी दुसरा मार्ग दिसे तो जनरल प्रॅक्टिसचा, म्हणजे जीपी होण्याचा. पूर्ण नोंदणी असेल तर त्यासाठी आणखी परीक्षा नव्हती; जीपीसाठी तीन वर्षांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. तुटवड्याच्या भागात मेडिकल प्रॅक्टिसेस कमिटीची परवानगी लगेच मिळे. १९६६पासून अशा भागात काम करणाऱ्याला वेगळा भत्ताही सुरू झाला. समुद्रकिनाऱ्याच्या टुमदार गावातल्या एका जागेसाठी ढीगभर अर्ज येत, तर खाणीच्या दरीतली जागा जाहिरात देऊनही रिकामी राही. भारतीय डॉक्टरने खाणगावीच जावे असे कोणत्याही ब्रिटिश कायद्यात लिहिलेले नव्हते. बाकीची दारे बंद होत गेली आणि उरलेली वाट दरीत उतरत होती.

अमेरिकेने हीच गोष्ट पुढे उघडपणे कायद्यात आणली. तेथे प्रशिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरला व्हिसाच्या अटीनुसार दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४मध्ये आलेल्या तरतुदीनुसार तुटवड्याच्या भागात तीन वर्षे काम करणाऱ्याला ही अट माफ होऊ लागली. प्रत्येक राज्याला वर्षाला आधी २० आणि २००२पासून ३० अशा माफ्या देता येतात.

दरीतला दवाखाना

दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा आणि तिच्या शेजारच्या दऱ्यांत घरांच्या लांबच लांब रांगा डोंगराच्या कडेने जातात. अशा रांगेतल्या एखाद्या घराची पुढची खोली म्हणजे डॉक्टरचा दवाखाना. मागच्या खोल्यांत किंवा वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. वेटिंगच्या जागी भिंतीला लावलेली बाकडी. सकाळच्या वेळी नंबर लावण्याची पद्धत नसे. आलेला माणूस आधी कोण बसले आहे ते लक्षात ठेवी आणि आपली पाळी धरी. रात्री-बेरात्री फोन वाजला तर तो बहुतेक वेळा डॉक्टरची पत्नी घेई. कित्येक घरांत तीही डॉक्टर असे आणि त्याच दवाखान्यात बसे.

टेबलामागच्या कपाटात रोग्यांची पाकिटे उभी लावलेली असत. १९११च्या विम्याच्या काळापासून चालत आलेल्या या पाकिटांना तो विमा कायदा आणणारे मंत्री लॉइड जॉर्ज यांचे नाव होते. जाड पुठ्ठ्याचे, साधारण सात इंच लांब आणि पाच इंच रुंद. पुरुषांचे लाल छपाईचे, स्त्रियांचे निळ्या. आत बारीक अक्षरांत भरलेली कार्डे आणि घडी घालून कोंबलेली इस्पितळाची पत्रे. रोग्याने डॉक्टर बदलला की पाकीट नव्या डॉक्टरकडे जाई. मुंबईहून आलेला डॉक्टर दरीत पहिल्या दिवशी खुर्चीवर बसला, तेव्हा त्याच्या हाती गावाची ४० वर्षे अशी पाकिटाने येत. बापाची छाती, मुलाची छाती, आजीचे सांधे, खाणीतल्या अपघातात तुटलेले बोट.

काम जड होते. कोळशाची धूळ फुप्फुसांत साठून होणारा न्यूमोकोनिओसिस, जुनाट खोकला, पाठीची दुखणी, आणि या सगळ्यांसाठी लागणारे आजारपणाचे दाखले. या दाखल्यांवर पगार आणि नुकसानभरपाई अवलंबून असे. भाषेचा अडसर दोन्ही बाजूंनी होता. मुंबईत शिकलेले इंग्रजी आणि दरीतले किंवा लँकेशायरच्या गिरणी गावातले इंग्रजी यांत अंतर होते. रोगी ‘छाती धरलीय’ अशा अर्थाचा जो शब्द वापरी, तो कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसे. तो डॉक्टरला रोग्यांकडूनच शिकावा लागे. काही रोगी सुरुवातीला परक्या डॉक्टरकडे येण्याचे टाळत. पण गावात दुसरा डॉक्टर नसे, आणि तीस-तीस वर्षे एकाच ठिकाणी बसणाऱ्या माणसाबद्दल परकेपणा टिकत नाही. ज्याचा जन्म डॉक्टरच्या पहिल्या वर्षी झाला, त्याच्या मुलांना लसही त्याच डॉक्टरने टोचली, अशी घरे गावोगावी होती.

याच प्रदेशात, ग्लिनकोरुग नावाच्या खाणगावात काम करणारे ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. जेथे आजार जास्त तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जेथे गरज कमी तेथे ती जास्त, हे व्यस्त प्रमाण त्यांनी त्यात मांडले. बाजाराचे नियम सेवेला जितके जास्त लागू होतील तितके हे प्रमाण बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय जीपींचे दवाखाने या नियमाच्या विरोधात उभे होते. अर्थात त्यांच्यापैकी अनेकांना एकट्याने, अपुऱ्या जागेत, मदतनिसांशिवाय काम करावे लागले. त्या दवाखान्यांच्या दर्जाबद्दल पुढे जी टीका झाली, तिचा काही भाग या परिस्थितीवर पडायला हवा होता.

१९७५

विलिंक समितीची चूक १९६८च्या टॉड आयोगाने प्रवेश वाढवण्याची शिफारस करून दुरुस्त केली. नॉटिंगहॅम, साउदॅम्प्टन आणि लेस्टर येथे १९७०च्या दशकात नवी वैद्यकीय कॉलेजे उघडली आणि स्वदेशी डॉक्टरांची वाढ दिसू लागली. त्याच वेळी डॉक्टरांच्या नोंदणीची व्यवस्था तपासण्यासाठी सर अलेक मेरिसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७५मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने परदेशी पदव्यांच्या मान्यतेवर कडक टीका केली. नोंदणी झालेल्या काही परदेशी डॉक्टरांचे कौशल्य ब्रिटनमध्ये मान्य असलेल्या किमान पातळीच्या खाली आहे आणि तुटवड्यापोटी कौन्सिलने त्याकडे डोळेझाक केली, असा तिचा ठपका होता.

त्याच वर्षी कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढली. १९३६पासून चाललेला परस्पर व्यवहार संपला. तात्पुरती नोंदणी मागणाऱ्यांसाठी परीक्षा सुरू झाली. वैद्यकज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेबरोबरच बोललेले इंग्रजी ऐकून समजते का, याचीही चाचणी तिच्यात होती. पहिल्या परीक्षांत निम्म्याहून कमी उमेदवार उत्तीर्ण झाले. १९७८च्या कायद्यानंतर तात्पुरत्या नोंदणीची जागा जास्तीत जास्त पाच वर्षांच्या मर्यादित नोंदणीने घेतली आणि परीक्षेला ‘प्लॅब’ हे आजही चालू असलेले नाव मिळाले.

परीक्षा असू नये, असे म्हणणे कठीण आहे. कौशल्य तपासून घेण्याचा रोग्याचा हक्क मोठा आहे. भारतीय डॉक्टरांना सल होती ती वेळेची आणि वागणुकीतल्या फरकाची. गरज होती तेव्हा जी पदवी चालली, तीच गरज कमी होताच अपुरी ठरली. आणि त्याच सुमारास युरोपीय समुदायातल्या देशांच्या पदव्या परस्परांत मान्य करण्याचे निर्देश निघाले. त्या डॉक्टरांसाठी अशी वैद्यकज्ञानाची परीक्षा नव्हती. १९७५मध्येच परदेशी डॉक्टरांनी आपली संघटना, ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन, स्थापन केली.

ज्यांची पूर्ण नोंदणी १९७५पूर्वी झाली होती त्यांचे हक्क शाबूत राहिले. त्यामुळे एक स्पष्ट सीमारेषा तयार झाली. तिच्या आधी नोंदलेले डॉक्टर स्वतंत्र दवाखाना चालवू शकत होते. नंतर येणाऱ्यांसाठी ती वाट फार अवघड झाली. खाणी आणि गिरण्यांच्या गावांतले भारतीय जीपी बहुतेक करून एकाच पिढीचे होते, त्याचे कारण हेच.

रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या

१९९२मध्ये इंग्लंड व वेल्समधल्या सुमारे २५ हजार जीपींपैकी ४ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे १६ टक्के, दक्षिण आशियात शिकलेले होते. हे प्रमाण देशभर सारखे नव्हते. काही औद्योगिक भागांत ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते आणि ऱ्होंडात तर बहुसंख्य डॉक्टर तेच होते. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की यांपैकी सुमारे दोन तृतीयांश डॉक्टर २००७पर्यंत निवृत्त होतील आणि सर्वांत गरीब वस्त्यांना त्याचा फटका बसेल. तसेच घडले. एकेकाळी एका दरवाजातून एकाच वेळी आत आलेली पिढी जवळपास एकाच वेळी बाहेर पडली आणि जे भाग १९६०मध्ये तुटवड्याचे होते, तेच पुन्हा तुटवड्याचे ठरले.

त्यानंतरही दरवाजा उघड-मीट होत राहिला. १९८५पासून परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणासाठी चार वर्षांची मुदत मिळू लागली. ही परमिटशिवायची सोय २००६मध्ये अचानक बंद झाली आणि ब्रिटनमध्ये प्लॅब देऊन नोकरीची वाट पाहणारे हजारो भारतीय डॉक्टर अडचणीत आले. १९९६मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन ही संघटना कोर्टात गेली. २००८मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने आरोग्य खात्याची त्याबाबतची सूचना बेकायदा ठरवली. २०२०च्या दशकात पुन्हा तुटवडा आला आणि कौन्सिलच्या वहीत दरवर्षी येणाऱ्या नव्या नावांपैकी निम्म्याहून अधिक नावे परदेशी शिक्षितांची होऊ लागली. २०२०च्या वसंतात करोनाने ब्रिटनमध्ये प्रथम ज्या डॉक्टरांचा बळी घेतला, त्यांत वयस्क, परदेशी शिक्षित डॉक्टरांची संख्या मोठी होती. २०२४पासून ब्रिटिश आणि परदेशी पदवीधर या दोघांसाठी एकाच मोजमापाची परीक्षा लागू होऊ लागली. १८५८मध्ये वही एक झाली होती; एकच कसोटी त्यातून प्रथमच सर्वांना सारखी लागू होण्याच्या जवळ आली आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू भारतात आहे. १९४६मध्ये भोर समितीने नोंदवले होते की ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६३०० माणसांमागे एक डॉक्टर आहे, तर ब्रिटनमध्ये सुमारे हजारामागे एक. जे होते तेही शहरांत एकवटलेले. सरकारी खर्चाने मुंबई, पुणे, नागपूर येथे शिकलेला डॉक्टर वेल्सच्या दरीतली वानवा भरून काढत होता, तेव्हा त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातला दवाखाना अनेकदा रिकामा होता. एका देशाचा तुटवडा दुसऱ्या देशाच्या त्याहून मोठ्या तुटवड्यातून भागवला गेला. त्या डॉक्टरांची सेवा खरी होती आणि ती किंमतही खरी होती. ब्रिटिश आरोग्य सेवेच्या इतिहासात ही सेवा अलीकडच्या संशोधनामुळे नोंदली जाऊ लागली आहे. तिची भारतातली किंमत त्याच वहीत, तिच्याशेजारी लिहिली गेली, तरच ती नोंद पुरी होईल.